जीर्णोद्धार देवळाचा आणि गलबताचा

गेल्या गणेशोत्सवात सुरतेस आपल्या समाजातील काही कुटुंबे एकत्र जमली होती. आरती झाली, प्रसाद झाला, आणि नेहमीप्रमाणे बोलणे गोव्याकडे वळले. एक सुविद्य गृहस्थ सुट्टीत गावी जाऊन आले होते. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठच्या बार्जी-दुरुस्तीच्या कारखान्यांवर आता अवकळा आली आहे, असे सांगून ते समाधानाने म्हणाले, "एकपरी बरेच झाले. त्या गंजक्या पत्र्यांनी आणि ठोकाठोकीने काठाची शोभा घालवली होती. आता तेथे चांगली विश्रामगृहे होतील, लोकांना दोन पैसे मिळतील." सभोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. मी त्या वेळी गप्प राहिलो. देवासमोर वाद नको, हे एक कारण. आणि उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते, हे दुसरे. ते उत्तर आज येथे देत आहे.

आपला समाज देवळांचा समाज आहे. आपल्या कुळाची ओळख आपण कुलदेवतेच्या नावाने सांगतो आणि देवळाच्या जीर्णोद्धारास वर्गणी देणे हे कर्तव्य मानतो. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार करण्यात पुण्य अधिक, ही समजूत आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे, आणि ती मोठी शहाणपणाची आहे. नवे बांधणाऱ्यास कीर्तीचा लोभ असू शकतो. जुने सावरणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या कामापुढे नम्र व्हावे लागते. कोणता दगड काढावा आणि कोणता ठेवावा हे जाणावे लागते. मग माझा प्रश्न असा की, जो समाज दगडी भिंतीच्या दुरुस्तीला पुण्य म्हणतो, तोच समाज तराफ्याच्या, होडीच्या, बार्जीच्या दुरुस्तीला घाण म्हणतो, हे कोणत्या न्यायाने?

हा प्रश्न मला इच्छापोरला बसून सुचावा, यालाही कारण आहे. इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, हिऱ्यांचा व्यापार आहे, आणि आमच्यासारखी बाहेरून आलेली पुष्कळ माणसे आहेत. येथून काही कोसांवर सुवाळीचा किनारा. तापीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे मोठी जहाजे तेथेच नांगर टाकीत आणि माल लहान गलबतांतून सुरतेस जाई. 1612 साली इंग्रजांनी पोर्तुगीजांशी झुंज दिली ती याच पाण्यात. शिवाजीमहाराजांनी 1664 आणि 1670 साली सुरत लुटली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या सुरतेची श्रीमंती ज्या जहाजांवर तरत होती, ती जहाजे कोणी बांधली आणि कोणी दुरुस्त केली, हे आपण कधी विचारले आहे काय?

ती तापीकाठच्या सुतारांनी बांधली, आणि त्यांतील पारशी कारागिरांचे नाव विशेष होते. 1735 साली ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस आला, तेव्हा लवजी नसरवानजी या मुकादमाचे काम त्याच्या नजरेत भरले. दुसऱ्या वर्षी लवजी काही सुतारांना घेऊन मुंबईस गेले. पुढे जे वाडिया घराणे म्हणून प्रसिद्धीस आले, त्याचा मुंबईतील आरंभ हा असा आहे. 1750 च्या सुमारास मुंबईत सुकी गोदी तयार झाली. या गोदीचा हेतू वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. सुकी गोदी मुख्यतः दुरुस्तीसाठी असते. भरतीला जहाज आत घ्यायचे, दार बंद करायचे, पाणी काढून टाकायचे, आणि एरवी कोणाच्या दृष्टीस न पडणारा तळ उघडा करून तो खरवडायचा, तपासायचा, सांधायचा. पश्चिम किनाऱ्यावर आपल्या जहाजांचे तळ दुरुस्त करण्याची सोय कंपनीला मुंबईत मिळाली, आणि मुंबई वर चढली. सुरतेच्या उताराला गाळ, राजकारण, व्यापाराची बदललेली वाट अशी पुष्कळ कारणे होती. पण आपले कसबी हात दुसऱ्या बंदराला गेले, हेही त्यांतील एक होते.

याच गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली गेली आणि 1817 साली ती पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. आपण तिच्याकडे बोट दाखवून सागवानाचा आणि वाडियांचा अभिमान मिरवतो, आणि तो योग्यच आहे. परंतु 1990 ते 2001 अशी दहा-अकरा वर्षे खपून इंग्लंडातील कारागिरांनी तिची फळी न् फळी तपासली आणि जेथे कुजले होते तेथे नवे लाकूड बसवले, म्हणून ती तरली. बांधणाऱ्यांची कीर्ती दुरुस्त करणाऱ्यांनी राखली. तो खऱ्या अर्थाने जीर्णोद्धार होता. आणि आपल्याकडे बांधलेल्या जहाजाचा जीर्णोद्धार दूरच्या लोकांनी केला, याची थोडी लाज आपल्याला वाटावयास हवी.

इच्छापोरहून तापीवरचा पूल ओलांडला की मगदल्ला लागते. तेथे 1985 साली एक जहाज-कारखाना निघाला, जो पुढे एबीजी शिपयार्ड या नावाने देशभर गाजला. दीडशेहून अधिक जहाजे त्याने बांधली. 2010 साली त्याने आपल्या मुरगाव बंदरातील वेस्टर्न इंडिया शिपयार्ड हे जहाज-दुरुस्तीचे केंद्रही ताब्यात घेतले. म्हणजे तापी आणि जुवारी यांचे भाग्य एका मालकीच्या दोरीने बांधले गेले. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. 2017 साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाकडे गेले, 2019 साली कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला, आणि 2022 साली केंद्रीय अन्वेषण विभागाने 22,842 कोटी रुपयांच्या बँक-फसवणुकीच्या आरोपाखाली गुन्हा नोंदवला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. माझा मुद्दा वेगळा आहे. वर्तमानपत्रांनी रक्कम मोठ्या अक्षरांत छापली, बँकांची संख्या मोजली. पण ज्या सांधकामगारांच्या आणि जोडाऱ्यांच्या हातांतून ती जहाजे उतरली, त्यांचे कसब कोठे विखुरले, याची कोणी विचारपूसही केली नाही. लवजींच्या सुतारांना निदान मुंबईची गोदी मिळाली. कसब धरून ठेवणारी जागा नसली, की ते एका पिढीत नाहीसे होते. सुरतेने मला शिकवलेला धडा हा एवढाच आहे, आणि तो घेऊन मी आता कुंभारजुव्याकडे वळतो.

कुंभारजुव्याच्या प्रवाहास आपण कालवा म्हणतो खरे, पण तो पाटबंधाऱ्याच्या कालव्यासारखा नव्हे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा, तिसवाडीला फोंड्यापासून वेगळा करणारा तो सुमारे पंधरा-सतरा किलोमीटरांचा खारा फाटा आहे. दोन्ही टोकांनी भरती आत शिरते, दोन्ही टोकांनी ओहोटी बाहेर पडते. काठी खाजन जमिनी, त्यांचे मातीचे बांध, तिवरांची राई, आणि चिखलात ऊन खात पडलेली मगर. त्या भागातील काही गावांत पौषी अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात. मानगे थापणी म्हणतात ती हीच. पाण्याशी इतके जुने आणि इतके सावध नाते आपल्या लोकांनी जोडलेले आहे.

या फाट्याचे खरे मोल पावसाळ्यात कळे. जून लागला की आग्वादपाशी मांडवीचे तोंड वाळूच्या दांड्यामुळे आणि लाटांमुळे धोक्याचे होई, आणि मांडवीतून खनिज घेऊन निघालेल्या बार्जी कुंभारजुव्यातून जुवारीत आणि तेथून मुरगावास जात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस गोव्याचे लोहखनिज परदेशी जाऊ लागले, तेव्हापासून या वाटेवर बार्जींची रहदारी वाढत गेली. बार्जी वाढल्या तशी त्यांची दुखणी वाढली, आणि त्या दुखण्यांवर उपाय करणारे कारखाने या कालव्याच्या आणि दोन्ही नद्यांच्या काठी उभे राहिले. वास्को येथील गोवा शिपयार्ड आज नौदलासाठी आणि तटरक्षक दलासाठी जहाजे बांधतो. त्याचे मूळही 1957 साली पोर्तुगीज अमलात निघालेल्या, खाणींच्या बार्जींसाठी असलेल्या कारखान्यात आहे. लहान बीजातून कोणता वृक्ष होईल, हे आधी कोण सांगू शकतो?

ज्यांनी हे काम कधी पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. मोठ्या भरतीची तिथी पाहून रिकामी बार्ज काठाच्या उतारावर आणतात. पाण्यात बुडालेल्या गाड्यावर तिचा तळ नेमका टेकावा लागतो; वीतभर चूक झाली तर शेकडो टनांचे धूड कलते. मग यंत्राच्या दोराने ती हळूहळू वर ओढतात. ओहोटी लागते, आणि तिचे पोट उघडे पडते. त्यावर शिंपल्यांचा आणि शेवाळाचा बोटभर थर असतो. तो खरवडून काढल्याखेरीज आतले काही दिसत नाही. मग म्हातारा मुकादम हातोडी घेऊन पत्र्यावर ठिकठिकाणी टकटक करीत जातो. निरोगी पत्रा खणखणतो. खाऱ्या पाण्याने खाल्लेला पत्रा भद्द वाजतो. आता पत्र्याची जाडी मोजणारी यंत्रे आली आहेत आणि ती यावीतच. पण यंत्र कोठे लावावे हे पुष्कळदा त्या कानानेच सांगितलेले मी पाहिले आहे. झिजलेला पत्रा कापायचा, नवा बसवायचा, सांधा असा घालायचा की तापून पत्रा वाकू नये. पंख्याचा दांडा काढून त्याची झीज पाहायची, सुकाणूची बिजागरी तपासायची, आणि लोखंडाऐवजी पाण्याने आपल्याला खावे म्हणून जस्ताचे गट्टू तळाला जोडायचे. हे सगळे पुढच्या मोठ्या भरतीच्या आत उरकायचे, कारण ती चुकली तर पंधरवडा फुकट गेला. लाकडी होड्यांचे काम याहूनही जुने: फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा आणि वरून लेप द्यायचा. या कामातली हातोडी माझ्या बालपणाच्या दुपारींत मी ऐकली आहे, आणि ती ठोकाठोक होती असे मला कधी वाटले नाही.

या व्यवसायावर घाला आला तो 2012 साली. बेकायदा खाणकामाच्या चौकशीनंतर सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे मर्यादा घालून त्या सुरू झाल्या, तर 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरली आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. बार्जी काठाला बांधल्या गेल्या, काही भंगारात गेल्या, आणि दुरुस्तीच्या उतारांवर गवत वाढले. 2022 पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. पण दरम्यान गेलेली माणसे लिलावाने परत येत नाहीत. जो सांधकामगार आखातात गेला, तो गेला. जो मुकादम वारला, त्याचा कान त्याच्याबरोबर गेला.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे मी टाळू इच्छित नाही. खाणींनी गोव्याचे नुकसान केले हे खरे आहे. डोंगर कापले गेले, शेतांत माती उतरली, विहिरी आटल्या. बार्जींच्या लाटांनी खाजनांचे बांध ढासळले, हेही कालव्याकाठच्या शेतकऱ्याला विचारावे. दुरुस्तीच्या जागी तेल सांडले, रंगाचे कपचे पाण्यात पडले, आणि मालकांनी त्याकडे दुर्लक्ष केले. न्यायालयाने कायदा मोडणाऱ्यास थांबवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दुरुस्ती करणाऱ्याने खाण खणली नव्हती. रोग्याच्या व्यसनासाठी वैद्याला हद्दपार करण्यासारखाच हा न्याय झाला. तेल सांडत असेल तर ते अडवण्याची सक्ती करा, कपचे गोळा करण्याचा नियम कडक करा, न पाळणाऱ्यास दंड करा. देवळाच्या तळीत निर्माल्य साचले म्हणून आपण तळी बुजवीत नाही; ती उपसून स्वच्छ करतो.

दुसरा आक्षेप असा की, आता रस्ते झाले, पूल झाले. जलवाहतुकीची गरज काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी दिवाडीस जाऊन पाहावे. तेथील माणसे आजही फेरीबोटीने नदी ओलांडतात. त्या फेरीबोटी दुरुस्तीला लागतात, मासेमारीच्या नौका लागतात, आणि ज्या पर्यटनाच्या नावाने काठ मोकळा करावयाचा, त्याच्या सहलीच्या बोटीही लागतात. इतकेच नव्हे, तर 2016 च्या कायद्याने खुद्द कुंभारजुव्याचा फाटा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 27 म्हणून घोषित झाला आहे. मांडवी आणि जुवारी यांनाही तोच मान मिळाला आहे. कागदावर राष्ट्रीय जलमार्ग, आणि त्याच्या काठावर बोटीचा तळ सांधणारा हात नाही, ही स्थिती देऊळ आहे आणि पूजा करणारे कोणी नाही अशी होईल.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण मला तोच मुख्य वाटतो. हे काम आपल्याला हलके वाटते. मुलगा परदेशी जहाजावर अधिकारी झाला तर त्याचा सत्कार होतो. तेच जहाज सांधणारा झाला तर त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत येत नाही. बार्जींचे मालक आपल्यात होते, खाणींचे मालक आपल्यात होते, आणि देवळांना त्यांच्या देणग्याही भरघोस मिळाल्या. त्या देणग्या ज्या पाण्यावरून वाहून आल्या, त्या पाण्यावरच्या कामगाराचे नाव मात्र एकाही संगमरवरी फरशीवर मला आढळले नाही.

आणि आता मूळ ऋणाची आठवण. 1560 च्या दशकात जुन्या काबिजादीतील देवळांवर संकट आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केले? कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. चोडण्याचा देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास पोचला, आणि कुंभारजुव्याची शांतादुर्गा कालव्यापलीकडे माशेलास जाऊन राहिली. जुवारीचे पाणी, मांडवीचे पाणी, कुंभारजुव्याचे पाणी ओलांडल्यावाचून आपले देव आपल्यापाशी राहिले नसते. नंतरच्या काळात ज्यांनी देवळे उभारली, सनदा मिळवल्या, त्यांची नावे आपल्या बखरींत आणि स्मरणिकांत आहेत. पण त्या वेळी ज्या तारव्यांनी जीव धोक्यात घालून होड्या वल्हवल्या, आणि त्या होड्या गळू नयेत म्हणून आधी कोणी त्यांच्या फटी बुजवल्या, त्यांचे नाव कोठे आहे? गळकी होडी असती तर देव बुडाले असते. इतके साधे सत्य आपण चारशे वर्षांत एकदाही मोठ्याने म्हटले नाही.

ते सत्य वर्षातून एकदा मात्र आपल्यासमोर तरंगते. गणपतीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्यास सांगोड होते. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर देखावे उभे करतात आणि वाजतगाजत गजाननाचे विसर्जन होते. दूरदूरची माणसे पाहायला येतात, छायाचित्रे घेतात. त्या होड्या दरवर्षी कोण दुरुस्त करतो, हे त्यांच्यापैकी किती जण विचारतात? ज्या वर्षी तो माणूस नसेल, त्या वर्षी सांगोड कशावर तरंगणार?

टीका करून थांबणे मला उचित वाटत नाही, म्हणून तीन सूचना करतो. पहिली: आपल्या देवस्थानांनी आणि समाजसंस्थांनी कालव्याकाठच्या जुन्या कारागिरांकडे माणसे पाठवून त्यांच्या हत्यारांची, शब्दांची आणि रीतींची नोंद करून घ्यावी. कोकणीत या कामाचे जे शब्द आहेत, ते कोशात येण्यापूर्वीच मरत आहेत. दुसरी: शिष्यवृत्त्या वैद्यकी आणि अभियांत्रिकीपुरत्याच न ठेवता, सांधकाम, नौका-सुतारकी आणि यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या मुलास, तो कोणत्याही जातीचा असो, देवस्थानाच्या निधीतून साहाय्य मिळावे. तिसरी: कालव्याकाठच्या दुरुस्तीच्या जागा विश्रामगृहांना विकल्या जाण्यापूर्वी त्या जलोपयोगासाठी राखून ठेवाव्यात आणि प्रदूषणाचे नियम तेथे काटेकोरपणे पाळले जावेत, अशी मागणी महाजनांनी सरकारकडे करावी. गाभाऱ्याच्या दारावर चांदीचा नवा पत्रा चढवण्यास जेवढा खर्च येतो, त्याच्या अंशातही आरंभ होऊ शकेल.

त्या गृहस्थांना माझे एवढेच सांगणे आहे. मी ज्या तापीकाठी राहतो, त्या काठाने एकदा आपले सुतार मुंबईस जाऊ दिले आणि पुन्हा एकदा आपले सांधकामगार वाऱ्यावर सोडले. येथे आज हिऱ्यांना पैलू पडतात, कारखान्यांचे धुरांडे दिसतात, पण लवजींच्या काळातली सुरत परत आली नाही. कुंभारजुव्याच्या काठावर अजून काही हात शिल्लक आहेत. ते आहेत तोवर त्यांचा मान राखणे हे आपले काम आहे. तो जीर्णोद्धार आपण टाळला, तर पुढची पिढी विश्रामगृहाच्या सज्जात बसून कालव्याचे सौंदर्य पाहील, आणि पाण्यात उतरण्यासाठी तिच्यापाशी एकही न गळणारी होडी असणार नाही.